कारवी आठ वर्षांनी फुलते, तोवर मेल सांभाळायचे

मागच्या आठवड्यात आमच्या ईमेल लिस्टवरच्या एका नवीन मेंबरचा फोन आला, आवाज अगदी पडलेला. म्हणाली, ताई मी काल मेल टाकला तो आलाच नाही, मला लिस्टमधून काढलंय का? काढलं वगैरे काही नव्हतं, तिचा मेल ३८० जणांना पोचला होता, दोघांनी उत्तरंही दिली होती, फक्त तो तिला स्वतःला दिसत नव्हता. कारण जीमेलमध्ये तुम्ही पाठवलेला मेल लिस्टवरून फिरून परत तुमच्याकडे आला की दोन्हींचा मेसेज-आयडी, म्हणजे मेलचा ओळखक्रमांक, एकच असतो, जीमेल म्हणतं हा माझ्याकडे आहेच, आणि दुसरी प्रत दाखवत नाही. एवढंच. पण ती बिचारी रात्रभर विचार करत बसली होती की आपलं काय चुकलं. हा फोन मला वर्षातून सात-आठ वेळा येतो, आणि फोन करणारे निदान विचारतात तरी, जे विचारत नाहीत ते गप्प होतात आणि पुन्हा कधी लिहीत नाहीत, त्यांचं मला जास्त वाईट वाटतं. म्हणून म्हणलं ह्यावर एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

आमची लिस्ट म्हणजे सह्याद्रीतल्या झाडाफुलांची ईमेल लिस्ट, एका पत्त्यावर मेल टाकला की तो सगळ्या मेंबरांना जातो. २००७ साली वीस-बावीस जणांनी सुरू केली, एका मेंबरच्या छोट्या सर्व्हरवर, मेलमन नावाच्या सॉफ्टवेअरवर चालते. मी ठाण्याला राहते, २०१२ पासून लिस्टची अ‍ॅडमिन आहे. मेंबरांमध्ये कॉलेजात बॉटनी शिकवणारे आहेत, निवृत्त वनखात्यातले आहेत, ट्रेकर आहेत, चिपळूणच्या एक काकू आहेत ज्यांना एकही शास्त्रीय नाव येत नाही पण कुठली भाजी कुठल्या आठवड्यात उगवते हे ज्यांच्याइतकं आमच्यात कुणालाच माहीत नाही, आणि सात-आठ जण अमेरिकेत नि जर्मनीत बसून फक्त वाचतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप का नाही काढत, हे दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच. ग्रुप आहे ना आमचा, उद्या किती वाजता कुठल्या स्टेशनबाहेर भेटायचं हे तिथेच ठरतं आणि त्या कामाला तो उत्तम आहे. पण कारवी घ्या. कारवी काही दरवर्षी फुलत नाही, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आणि आमच्या येऊरच्या बाजूला ती २००८ ला फुलली, मग २०१६ ला, मग २०२४ ला. आठ वर्षांनी एकदा सगळा डोंगर जांभळा होतो, बी धरतं आणि ती झाडं मरून जातात. आता सगळ्या डोंगरांचं साल एकच नसतं, एका घाटात ह्या वर्षी तर शेजारच्या डोंगरावर दोन वर्षांनी असंही होतं, त्यामुळे कोणत्या डोंगरावर कोणत्या साली फुलली होती ही नोंद कुठेतरी राहायला पाहिजे. आठ वर्षांत माणसाचे तीन फोन बदलतात. ग्रुपवरचा २०१६ चा फोटो आज कुणाकडे आहे सांगा. लिस्टच्या अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या मेलांच्या साठ्यात, मात्र २००८ चा मेल आजही उघडतो, तारखेसकट, कुणी पाहिली कुठे पाहिली सगळं आहे. आमच्यासाठी लिस्ट म्हणजे ही आठवण आहे, आणि खाली जी सेटिंगं सांगतेय ती सगळी ह्या आठवणीला जपण्यासाठीच आहेत.

सगळ्यात मोठं सेटिंग म्हणजे रिप्लाय कुणाला जातो. बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल पण हे वाचा. लिस्टवर आलेल्या मेलला तुम्ही नुसतं रिप्लाय दाबलं तर तो मेल ज्याने लिहिला त्याला एकट्याला जावा की सगळ्या लिस्टला जावा, हे अ‍ॅडमिनला ठरवता येतं. मेलमनमध्ये मुळात तो लिहिणाऱ्यालाच जातो. पण आमच्याकडे सुरुवातीपासून लिस्टला जाईल असं ठेवलं होतं, कारण त्याने गप्पा होतात, कुणी विचारलं हे फूल कुठलं की दहा जण सगळ्यांसमोर बोलतात, वाद होतात, तीन दिवसांनी नाव ठरतं. मजा यायची, खरंच. २०१३ च्या पावसाळ्यात एका तरुण मेंबरने कंदीलपुष्पाच्या एका दुर्मिळ जातीचा फोटो टाकला, जागा फक्त "घाटमाथा" एवढीच लिहिली, शहाणपणाने. पुण्याच्या एका अभ्यासकांनी जागा विचारली, आणि ह्या मुलाने त्यांना एकट्याला सांगायचं म्हणून रिप्लाय दाबून सगळं लिहिलं, गावाचं नाव, देवळामागची वाट, कुठल्या कातळापाशी डावीकडे वळायचं, किती रोपं आहेत. तो मेल तीनेकशे लोकांना गेला, आणि अर्काइव्ह तेव्हा जगाला उघडं होतं, म्हणजे सर्च करणाऱ्या कुणालाही सापडेल असं. पाचच मिनिटांत त्याचा मला फोन, रडवेला झालेला, ताई काढा ना तो मेल. अर्काइव्हमधून मी काढला, त्यासाठी मेलांची मूळ फाइल हाताने एडिट करून अर्काइव्ह पुन्हा बांधावं लागलं, ते त्या रात्री केलं. पण तीनशे इनबॉक्समधून कसा काढणार? मेल एकदा गेला की गेला, लिस्टवरून परत बोलवायची काही सोयच नसते. पुढच्या वर्षी तो मुलगा तिथे गेला तर त्या कातळापाशी माती उकरलेली होती आणि रोपं नव्हती. आता ते आमच्या मेलमुळेच झालं असं मी छातीठोक नाही म्हणू शकत, कंद खाण्यासाठीही उकरतात लोक, गुरांच्या पायाखालीही जातं, पण तो मुलगा त्यानंतर कधी लिस्टवर लिहिता झाला नाही आणि ते मला आजही लागतं.

तर त्यानंतर आम्ही सेटिंग बदललं, रिप्लाय आता लिहिणाऱ्याला एकट्याला जातो, सगळ्यांना सांगायचं असेल तर रिप्लाय ऑल दाबायचं. माझा हिशोब सरळ आहे. चुकून खाजगी गेलेला मेल दुसऱ्या दिवशी लिस्टला फॉरवर्ड करता येतो, चुकून जाहीर गेलेला परत घेता येत नाही. पण ह्याची किंमत पडली हेही प्रामाणिकपणे सांगते. पहिल्या सहा महिन्यांत लिस्ट ओस पडल्यासारखी झाली. प्रश्न यायचे, उत्तरं दिसायची नाहीत, कारण उत्तरं विचारणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये गुपचूप जात होती, आणि अर्काइव्हमध्ये नुसते प्रश्न साठत होते. त्यावर उपाय काढला तो जुन्या लिस्टांमधलाच आहे, समरीची पद्धत. ज्याने प्रश्न विचारला त्याने आठवडाभरात आलेली सगळी उत्तरं एकत्र करून, कोण काय म्हणालं आणि शेवटी काय ठरलं हे एका मेलमध्ये लिस्टला लिहायचं, सब्जेक्टमध्ये सुरुवातीला समरी असा शब्द टाकून. हे कुठल्याही सेटिंगने होत नाही, माणसांनी करायला लागतं, आणि आमच्याकडे आता बहुतेक जण करतात. मला तर वाटतं त्याने लिस्ट आधीपेक्षा चांगली झाली, कारण पूर्वीच्या दहा मेलांच्या वादात शेवटी काय ठरलं हे शोधायला अर्धा तास जायचा.

रिप्लाय ऑलवरून अजून एक. तुम्ही रिप्लाय ऑल केलं की मूळ लिहिणाऱ्याला दोन प्रती जायला हव्यात ना, एक थेट आणि एक लिस्टवरून. मेलमनमध्ये डुप्लिकेट टाळायचा ऑप्शन असतो, तो चालू असेल तर पत्त्यांमध्ये तुमचं नाव आधीच आहे हे बघून तो लिस्टची प्रत तुम्हाला पाठवत नाही. पण मग तुमच्याकडे येते ती थेट आलेली प्रत, तिच्यावर लिस्टची खूण नसते, त्यामुळे तुम्ही लावलेला फिल्टर तिला पकडत नाही आणि ती मेन इनबॉक्समध्ये पडते. बरेच जण मला विचारतात की सगळे मेल फोल्डरमध्ये जातात मग काहीच बाहेर का, तर हे कारण. ज्यांना सगळं फोल्डरमध्येच हवंय त्यांनी हा ऑप्शन बंद करावा, दोन प्रती येतील पण एक तरी जागेवर जाईल. आणि जीमेल वापरणाऱ्यांना आपला मेल पोचला की नाही ह्याची धाकधूक असेल त्यांनी पोच मिळण्याचा ऑप्शन चालू करावा, तुमचा मेल लिस्टला मिळाला अशी एक ओळ येते. किंवा सरळ अर्काइव्ह बघायचं.

फिल्टरचं निघालंच आहे तर, सब्जेक्टमधल्या चौकटी कंसातल्या नावावर फिल्टर लावू नका. लोक सब्जेक्ट बदलतात, कंस खोडतात, दुसऱ्या कुठल्या मेलमध्येही ते नाव येऊ शकतं. प्रत्येक लिस्टच्या मेलमध्ये न दिसणाऱ्या हेडरमध्ये लिस्ट-आयडी असतो, तो बदलत नाही. जीमेलमध्ये सर्चच्या खिडकीत लिस्ट हा इंग्रजी शब्द, मग कोलन आणि लिस्टचा पत्ता टाकला की तेवढेच मेल येतात, त्यावर फिल्टर करायचा, लेबल लावायचं, झालं.

आता डायजेस्ट. जे लिस्ट सोडतात ना, त्यातल्या निम्म्यांना लिस्ट नकोशी झालेली नसते, मेलांचा मारा नकोसा झालेला असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्याकडे दिवसाला तीस-चाळीस मेल होतात, कारण अख्खा सह्याद्री एकदम फुलतो आणि प्रत्येकाला दाखवायचं असतं. डायजेस्ट चालू केलं की दिवसभराचे मेल एकत्र बांधून रात्री एकच मेल येतो. फार मेल झाले तर दिवसातून दोनही येतात, कारण ठरावीक आकार भरला की मेलमन रात्रीची वाट बघत नाही. ह्यात दोन प्रकार असतात, साधं म्हणजे सगळे मेल एकाच सलग मजकुरात, आणि माईम म्हणजे प्रत्येक मेल वेगळा जोडलेला. मराठीत लिहिणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्या. आमच्या जुन्या मेलमनमध्ये साधं डायजेस्ट लावलं की देवनागरीच्या जागी सगळी प्रश्नचिन्हं यायची, ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं. कारण लिस्टची भाषा इंग्रजी ठेवलेली आणि इंग्रजीसाठी त्याने जुनी एस्की अक्षरंच, म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं-आकडे, धरलेली, त्यात न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराला तो एक प्रश्नचिन्ह टाकायचा. नाशिकच्या एका निवृत्त मास्तरांनी दोन वर्षं असंच डायजेस्ट घेतलं, फक्त लॅटिन नावं वाचता येत होती तेवढी वाचली, आणि कुणाला काही बोलले नाहीत, त्यांना वाटलं आपल्याच कॉम्प्युटरला मराठी येत नाही. एका शिबिरात भेटले तेव्हा कळलं. मी घरी येऊन त्या रात्रीच सर्व्हरवाल्याला सांगून इंग्रजीचं कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८, ज्यात देवनागरीही बसते, असं करून घेतलं, एका ओळीचं काम होतं. दोन वर्षं! म्हणून तेव्हापासून मी कुठलंही सेटिंग बदललं की स्वतः एक जास्तीचा पत्ता जोडून साधं डायजेस्टही घेते, माईमही घेते, आणि मराठी मेल कसा दिसतो ते बघते. मराठी लिस्ट चालवणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं माझं कळकळीचं म्हणणं आहे, इंग्रजी लिस्टवाल्यांना ह्या गोष्टी कधी जाणवतच नाहीत.

आकाराचंही तसंच. मेलमनमध्ये मेलची कमाल मर्यादा मुळात ४० केबी असते, त्याहून मोठा मेल अ‍ॅडमिनकडे अडकतो. इंग्रजी मजकुराला ते भरपूर आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना आणि मात्रा वेगळी धरून, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, त्यावर मेलमधून जाताना तो मजकूर साध्या इंग्रजी अक्षरांत बदलला जातो (ह्याला बेस६४ म्हणतात) तेव्हा अजून एक तृतीयांश वाढतं, म्हणजे एकेका खुणेला ४ बाइट. ४० केबीत काना-मात्रा धरून जेमतेम १० हजार बसतात. त्यात बहुतेक मेल प्रोग्राम तोच मजकूर साध्या आणि एचटीएमएल अशा दोन रूपांत पाठवतात, की झालं निम्मं. वर कुणी खालचे आठ मेल तसेच्या तसे ठेवून वरती "खूप छान" लिहिलं की मेल अडकलाच. आणि आमची लिस्ट फुलांची, फोटो नाही तर काय पाठवणार? बरीच वर्षं नियम होता की फोटो कुठेतरी चढवा आणि लिंक द्या. तो नियम मीच मोडला आणि त्याचं मला समाधान आहे, कारण २००९-१० च्या मेलांमधल्या फोटोंच्या लिंका आज उघडल्या तर बहुतेक मेलेल्या आहेत. जिथे फोटो ठेवले त्या साइटच राहिल्या नाहीत. एकेकाळी एवढं पसरलेलं याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला कायमचं बंद झालं, त्याच्या वर्षभर आधी तिथला साठवलेला मजकूर नि फोटो काढून टाकायला सुरुवात झाली होती. आमची लिस्ट तिथे नव्हती पण आमच्या मेलांमधल्या कितीतरी लिंका अशाच कुठल्या कुठल्या फुकट सोयींकडे जात होत्या. मेल शिल्लक आहे, "हे बघा पानाची कडा कशी दातेरी आहे" हे वाक्य शिल्लक आहे, आणि पान नाही. म्हणून आता मर्यादा १ एमबी ठेवलीय, फोटो लहान करून मेललाच जोडायचे, एका मेलमध्ये तीन, एक अख्ख्या झाडाचा, एक पानाचा, एक फुलाचा. सर्व्हरची जागा भरते, भरू दे, त्यासाठी आम्ही वर्गणी काढतो.

बाउन्सबद्दल लिहिते कारण ह्याने सगळ्यात जास्त गैरसमज होतात. एखाद्याचा मेलबॉक्स भरला की लिस्टचे मेल परत येतात. मेलमन प्रत्येकाचा हिशोब ठेवतो, ज्या दिवशी मेल कायमचा म्हणून परत आला त्या दिवशी १ गुण, तात्पुरता परत आला तर अर्धा, आणि एका दिवसात कितीही मेल परत आले तरी एकदाच मोजतो. मूळ सेटिंगमध्ये ५ गुण झाले की तुमचे मेल थांबतात, मग आठवड्याच्या अंतराने तीन सूचना जातात आणि तरीही काही झालं नाही की नाव निघतं. मध्ये ७ दिवस एकही बाउन्स आला नाही तर मागचे गुण पुसले जातात. ऐकायला ठीक वाटतं, पण सूचना जातात कुठे? त्याच भरलेल्या मेलबॉक्सकडे. आमचे एक जुने मेंबर तीन महिने मुलाकडे परदेशात गेले, बॉक्स भरला, नाव निघालं, परत आल्यावर त्यांना वाटलं आपल्याला कुणीतरी मुद्दाम काढलं, कारण जायच्या आधी त्यांचा एकाशी एका झाडाच्या नावावरून वाद झाला होता. वर्षभर अबोला. आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये तर कहरच झाला, एका मोठ्या मेल कंपनीने नियम केला की आमच्या पत्त्याचा मेल आमच्याच सर्व्हरवरून आलेला नसेल तर घेणाऱ्याने तो नाकारावा. ह्याला डीमार्क म्हणतात, हेतू फसवे मेल रोखण्याचा, पण लिस्ट म्हणजे काय, तुमचा मेल तुमच्या नावाने दुसऱ्याच सर्व्हरवरून सगळ्यांना पाठवणारी सोय. सब्जेक्टला कंस लावला, खाली दोन ओळींची तळटीप जोडली की मेलवरची मूळ डिजिटल सही पण जुळत नाही. म्हणजे झालं असं की त्या कंपनीचा पत्ता असलेल्या कुणी मेल लिहिला की तो इतर कंपन्यांकडच्या मेंबरांकडून नाकारला जायचा, बाउन्सचे गुण मात्र लिहिणाऱ्याला नाही तर नाकारलेल्यांना लागायचे, म्हणजे ज्यांचा काही संबंध नाही त्यांना! आठवड्याभरात आमचे शंभराहून जास्त मेंबर आपोआप बंद झाले. मी एकेक नाव हाताने चालू केलं. आता अशा पत्त्यांवरून मेल आला की फ्रॉममध्ये लिस्टचा पत्ता लागतो आणि नावापुढे "व्हाया" अमुक लिस्ट असं दिसतं. लोकांना ते दिसायला आवडत नाही, मलाही नाही, पण मेल पोचतो.

म्हणून बाउन्समुळे बंद झालेल्या प्रत्येक नावाची सूचना मी स्वतःकडे घेते आणि ओळखीचं असेल तर फोन करते, काका तुमचा मेलबॉक्स भरलाय. हे काम सॉफ्टवेअरवर सोडून द्यायचं नाही असं मी ठरवलंय.

लिस्ट सोडायची कशी हे तर लोकांना माहीतच नसतं, आणि तो दोष त्यांचा नाही. सगळ्यांना "प्लीज मला काढा" असा मेल पाठवतात, तो बघून अजून चार जण मलाही मलाही करतात. लिस्टच्या नावापुढे डॅश आणि लीव्ह लावून त्या पत्त्यावर कोरा मेल टाकला की कन्फर्म करा असा मेल येतो, त्याला रिप्लाय केलं की संपलं. पूर्वीपासून एक रिक्वेस्टचा पत्ता पण असतो, लिस्टच्या नावापुढे डॅश रिक्वेस्ट. अगदी सुरुवातीच्या काळात त्या पत्त्यामागे खरोखर माणूस बसलेला असायचा, तो हाताने नावं घालायचा काढायचा, मग १९८६ मध्ये पॅरिसला शिकणाऱ्या एरिक थॉमस ह्यांनी लिस्टसर्व्ह लिहिलं आणि ते काम प्रोग्राम करायला लागला. पण मी सोडणाऱ्यांना आधी एकच विचारते, नोमेल माहीत आहे का? त्यात तुम्ही मेंबर राहता, अर्काइव्ह वाचू शकता, लिहू शकता, फक्त मेल येत नाहीत. परीक्षा, बाळंतपण, आईवडिलांचं आजारपण, नवी नोकरी, ह्या काळात लोक लिस्ट सोडतात आणि मग परत यायला संकोचतात. नोमेल लावलं तर परत यायला काही मागावं लागत नाही, एक टिक काढायची. ऑफिसचा आणि घरचा असे दोन पत्ते वापरणाऱ्यांनाही हेच सांगते, दोन्ही पत्ते जोडा आणि एकावर नोमेल लावा, म्हणजे चुकून दुसऱ्या पत्त्यावरून लिहिलं तरी मेंबर नाही म्हणून मेल अडकणार नाही.

अडकलेले मेल मी रोज सकाळी चहाबरोबर बघते. नवीन मेंबरचा पहिला मेल मुद्दाम अडकतो, तो बघून मोकळा करते आणि मग त्याच्यावरची टिक काढते. टाकून देणं आणि नाकारणं ही दोन वेगळी बटणं आहेत. टाकून दिलं की पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही, नाकारलं की कारण लिहून पाठवता येतं. स्पॅमसाठी टाकून देणं ठीक, पण माणसाने लिहिलेला एकही मेल मी आजवर कारण न लिहिता टाकलेला नाही. एखाद्याने देवळाची वाट सांगितली असेल तर तो मेल परत पाठवून लिहिते, जागा तालुक्यापर्यंतच ठेवा आणि परत टाका. अर्काइव्ह आता फक्त मेंबरांना उघडं आहे, मेंबरांची यादी फक्त अ‍ॅडमिनला दिसते. एकट्या डोंगरात फिरणाऱ्या मुली आहेत आमच्यात, त्यांचे पत्ते चारशे लोकांना दिसायची काहीच गरज नाही.

सब्जेक्ट. ह्यावर मी भांडते, मला माहितीये, तरी भांडते. "फूल ओळखा" असा सब्जेक्ट असलेले आमच्या अर्काइव्हमध्ये सहाशेच्या वर मेल आहेत आणि त्यांचा कुणालाही काही उपयोग नाही. झाडाचं नाव येत नसेल तर रंग लिहा, पण तालुका आणि महिना-वर्ष लिहाच. आणि नवीन विषय काढायचा तर नवीन मेल उघडा, जुन्या मेलला रिप्लाय करून नुसता सब्जेक्ट बदलू नका. वरून बदललेलं दिसतं पण आत जुन्या मेलचा आयडी तसाच राहतो, त्यामुळे अर्काइव्हमध्ये तुमची सोनकी कुणाच्या तरी तेरड्याच्या चर्चेखाली जाऊन लटकते, शोधणाऱ्याला कधीच सापडत नाही. उलट तोच विषय पुढे न्यायचा असेल तर कितीही जुन्या मेलला रिप्लाय करा, आठ वर्षं जुन्या मेललाही.

आणि तसं झालंही, पण त्याच्या आधीचं एक सांगते. २०२१ मध्ये आम्ही मेलमन ३ वर गेलो, कारण जुनं ज्या पायथॉन २ ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेवर चालायचं तिचाच सांभाळ १ जानेवारी २०२० पासून थांबला होता. मला धाकधूक एकच होती, जुने मेल नीट येतील ना. दोन शनिवार-रविवार मी आणि सर्व्हरवाला बसलो, काही मेलांच्या तारखा चुकीच्या निघाल्या, कुणाच्या तरी कॉम्प्युटरचं घड्याळ १९७० दाखवत होतं, ते एकेक दुरुस्त केले. नव्या मेलमनमध्ये अर्काइव्हच्या पानावरूनच जुन्या मेलला उत्तर देता येतं.

२०२४ च्या सप्टेंबरात, गणपती होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, सकाळी लिस्टवर एक मेल आला. सब्जेक्टला आमच्या कंसानंतर "रिप्लाय: कारवी, येऊर, सप्टेंबर २०१६". उघडला तर नाशिकचे मास्तर, तेच प्रश्नचिन्हांवाले. पत्नीच्या आजारपणात त्यांनी २०१८ ला नोमेल लावलं होतं, त्यानंतर एक शब्द नाही. मुलीकडे ठाण्याला आले होते, तिने येऊरला नेलं. त्यांनी अर्काइव्हमधून आपलाच २०१६ चा मेल शोधला होता, त्यात त्यांनी त्याआधीच्या २००८ च्या एका मेलचा उल्लेख केला होता, आणि खाली लिहिलं होतं, "तोच उतार, त्याच पाणवठ्याच्या वर. ह्या वेळी ओढ्याच्या पलीकडेही आहे, मागच्या वेळी नव्हती. तीन फोटो जोडले आहेत. बाकी कुणी पलीकडची बाजू आधी पाहिली होती का?"

दुपारपर्यंत चार उत्तरं आली, चारही रिप्लाय ऑल. मी त्यांचं सेटिंग उघडून बघितलं, नोमेलची टिक त्यांनी स्वतःच काढली होती, डायजेस्ट साधंच ठेवलं होतं.